लहान फोटो स्टुडिओने इंटरनेटवर नेमके काय करावे? (बेळगाव, खानापूर, निपाणी परिसर)

शहापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार. बेळगावच्या शहापूर भागात आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. रोजचे काम पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनचे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नांच्या ऑर्डरी सुरू होतात आणि वर्षभर अधूनमधून बारसे, डोहाळेजेवण, वास्तुशांती असते. ऑर्डर आजही ओळखीतूनच येते. मात्र गेल्या काही हंगामांत एक बदल ठळकपणे जाणवतो आहे. मुलीचे वडील पाहुण्यांकडून आमचे नाव ऐकून फोन करतात, तोवर पुण्यात किंवा बंगळूरात नोकरी करणाऱ्या मुलीने ते नाव फोनवर शोधलेले असते, आणि तिला तेथे काही सापडले नाही तर वडिलांचा दुसरा फोन येत नाही. ओळखीमुळे काम दारापर्यंत येते, पण ते पक्के होणे आता इंटरनेटवर अवलंबून आहे, असे माझे मत झाले आहे.

सध्या आमचे इन्स्टाग्राम खाते आहे; त्यात लग्नाचे फोटो, सणांच्या शुभेच्छा आणि भाच्याचा वाढदिवस असे सारे एकत्र आहे. गूगल नकाशावर दुकानाची खूण दिसते, परंतु ती आम्ही लावलेली नाही आणि तिच्यावरचा फोन क्रमांकही जुना आहे. सुरुवात कोठून करावी, स्वतःचे संकेतस्थळ खरोखर लागते का, मजकूर कोणत्या भाषेत ठेवावा, दर जाहीर करावेत का आणि ग्राहकांचे फोटो टाकताना परवानगीचे काय, याविषयी याच भागात व्यवसाय करणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

निपाणीकडचा

सुरुवात त्या नकाशावरच्या खुणेपासूनच करावी, कारण ती तशीही लोकांना दिसतेच आहे आणि चुकीचा क्रमांक दाखवते आहे. तिचा ताबा घेण्यासाठी हल्ली पुष्कळदा व्हिडिओ मागतात. रस्ता व शेजारची दुकाने, आपला फलक, कुलूप उघडून आत जाणे, आतील कॅमेरे आणि दिवे हे सर्व न थांबता एकाच चित्रीकरणात यावे लागते. नावाच्या रकान्यात फलकावर आहे तेच नाव लिहावे. नावापुढे ‘बेळगावातील सर्वोत्तम वेडिंग फोटोग्राफर’ असे शेपूट जोडणे गूगलच्या नियमांत बसत नाही आणि त्यापायी नोंद स्थगित होऊ शकते. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकाचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो, त्यामुळे एकाच फलकावर नावाची दोन-तीन लिप्यांतील रूपे असतात. ती सगळी रकान्यात एकापुढे एक जोडू नयेत. ग्राहक ज्या रूपाने हाक मारतात ते एक ठेवावे आणि व्हिडिओत फलकाचा तो भाग स्पष्ट दिसू द्यावा.

व्यवसायाचा मुख्य प्रकार एकच निवडता येतो आणि त्याशिवाय आणखी नऊ प्रकार जोडता येतात, पण नऊ जागा आहेत म्हणून त्या भरून काढण्यात अर्थ नाही. आपले निम्मे उत्पन्न लग्नांचे असेल तर मुख्य प्रकारही तोच ठेवावा. ज्यांचे दुकान नाही आणि जे घरातून काम करतात त्यांनी पत्ता झाकून सेवाक्षेत्र द्यावे. जास्तीत जास्त वीस ठिकाणे देता येतात आणि ती आपल्या मुक्कामापासून साधारण दोन तासांच्या प्रवासात असावीत अशी अपेक्षा असते. निपाणीहून चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज आणि कोल्हापूर त्यात सहज बसतात.

एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. नकाशावरचा क्रम शोधाशी जुळणारेपणा, अंतर आणि ख्याती या तीन गोष्टींवर ठरतो. खडेबाजारात उभे राहून कोणी ‘जवळचा फोटोग्राफर’ शोधला तर त्याला निपाणीचा मी दिसणार नाही, आणि दिसावे म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही. अंतर आपल्या हातात नाही, अभिप्राय आहेत. अल्बम हातात देताना घरात जो आनंद असतो त्याच वेळी अभिप्रायाचा दुवा पाठवावा. त्या बदल्यात सवलत किंवा मोफत फ्रेम देऊ नये, ते नियमाविरुद्ध आहे. कोणी कन्नडमध्ये लिहिले तर उत्तरही कन्नडमध्येच द्यावे. दोन ओळींसाठी शेजारच्या दुकानदाराची मदत घेतली तरी चालते.

जुना_डार्करूमवाला

शहापूरकर, तुमच्या वयाचा असताना आमची जाहिरात म्हणजे दुकानाच्या दर्शनी काचेतील चार फ्रेमा असत. त्या काचेत कोणाचा फोटो लावायचा हे आम्ही त्या घरी जाऊन विचारत असू. आता काचेच्या जागी फोन आला, तरी काचेत काय ठेवावे हा प्रश्न तोच राहिला आहे, आणि त्याचे उत्तर मला बहुतेक तरुण मंडळींच्या खात्यांवर चुकलेले दिसते. सगळीकडे निवडक, सजवलेले, मावळतीच्या उन्हातले फोटो. भाड्याचा चांगला कॅमेरा आणि देखणे जोडपे मिळाले की असा एक फोटो कोणालाही मिळतो. मुलीच्या बापाला मात्र वेगळीच धास्ती असते: भर दुपारच्या मुहूर्तावर, पत्र्याच्या मांडवाखाली, अक्षतांच्या गर्दीत आणि हिरव्या-निळ्या दिव्यांत हा माणूस आजीचा चेहरा नीट टिपेल का?

म्हणून निरनिराळ्या चाळीस लग्नांतला एकेक फोटो दाखवण्यापेक्षा दोन-तीन लग्ने हळदीपासून पाठवणीपर्यंत सलग दाखवावीत. एक बेळगावातल्या मोठ्या मंगल कार्यालयातले, एक खेड्यातले, दारातल्या मांडवातले. घरच्यांचे गटफोटोही त्यात असू द्यावेत. कँडिडवाल्यांना ते जुनाट वाटतात, पण अल्बम उलगडल्यावर लोक सर्वांत जास्त वेळ त्याच पानांवर थांबतात.

रील्सवर माझा फारसा विश्वास नाही. माझ्या नातवाच्या एका रीलवर दूरदूरच्या राज्यांतून बदाम आले. ऑर्डर मात्र येळ्ळूरहून आली, आणि तीसुद्धा त्याच्या मामाच्या ओळखीने.

संकेतस्थळवाला_टिळकवाडी

काकांच्या सलग लग्नाच्या कल्पनेला खरी जागा संकेतस्थळावरच मिळते, कारण इन्स्टाग्रामवर ते तुकड्यांत विखुरते. संकेतस्थळ का हवे, याला मी एकच घडलेली गोष्ट सांगतो. गूगलच्या व्यवसाय-नोंदीतून फुकट तयार होणारी छोटी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये कंपनीने बंद केली. काही महिने त्या पत्त्यांवरून लोक नोंदीकडे वळवले जात होते, पुढे तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि अल्बमच्या शेवटच्या पानावर छापला होता त्यांच्याकडे मृत पत्ता उरला. इतरांच्या जागेवर भाड्याने बसायला हरकत नाही. आपल्या नावाचा पत्ता तेवढा आपल्या मालकीचा असावा.

त्यामुळे सर्वांत आधी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, घ्यावे आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर व स्वतःच्या फोन क्रमांकावर घ्यावे. माझ्यासारख्या संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या खात्यातून ते घेऊ देऊ नये, हे मी माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो आहे. नूतनीकरणाच्या वेळी बनवणारा गावी नसला किंवा त्याच्याशी बिनसले, तर नाव हातचे जाते. ‘डॉट इन’ पुरेसे आहे. देवनागरीतले ‘डॉट भारत’ हे विस्तारनाम २०१४ पासून मिळते आणि ते पाहून मला आनंद होतो, पण एकमेव पत्ता म्हणून ते घेऊ नये; पुष्कळ ठिकाणी त्याचे रूपांतर रोमन अक्षरांच्या अगम्य मालिकेत होते आणि ईमेललाही अडचणी येतात.

पाने थोडी असावीत. दोन-तीन सलग लग्ने, आपण कोण व स्टुडिओ कोठे आहे, कामाचे प्रकार व दर, आणि संपर्क, एवढ्यावर भागते. फोटो चढवताना लांब बाजू साधारण दोन हजार पिक्सेल, रंगमान एसआरजीबी (पडद्यांसाठीचे नेहमीचे) आणि आकार काहीशे केबीपर्यंत ठेवावा. कॅमेऱ्यातली मूळ फाइल तशीच चढवली तर जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जेथे नेटवर्क डोंगराच्या मर्जीवर असते, पान उघडण्याआधी माणूस कंटाळून निघून जातो. फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक न ठेवता विधी आणि गाव यांवरून द्यावे आणि प्रत्येक फोटोला एका साध्या वाक्याचे पर्यायी वर्णन (फोटो दिसला नाही तर त्याच्या जागी येणारा मजकूर) जोडावे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललेले असल्याने लोक रोमन लिपीत जुने आणि नवे अशी दोन्ही स्पेलिंगे टाकून शोधतात, तर कोणी देवनागरीत ‘बेळगाव’ लिहितो. परिचयाच्या मजकुरात ती रूपे ओघात यावीत. पानाच्या तळाशी त्यांची रास ओतू नये.

भाषेबद्दल माझा सल्ला असा की मराठी पान मनापासून लिहावे, इंग्रजी पान थोडक्यात ठेवावे आणि कन्नड पान कन्नड लिहिणाऱ्याकडूनच करून घ्यावे. आपल्याकडे एक घर मराठी आणि सोयरे कन्नड, अशी लग्ने नवी नाहीत. यंत्राने केलेला अनुवाद त्या सोयऱ्यांना पहिल्या ओळीतच कळतो.

इन्स्टाग्राम सोडून देण्याची गरज नाही, मात्र भाच्याचा वाढदिवस वेगळ्या खात्यावर न्यावा. जुलै २०२५ पासून सार्वजनिक असलेल्या व्यावसायिक खात्यांवरचे फोटो आणि रील्स गूगलच्या शोधातही येऊ शकतात, म्हणून फोटोखाली नुसते बदाम आणि हॅशटॅग न ठेवता ‘साखरपुडा, अनगोळ’ असे दोन शब्द तरी असावेत. शिवाय जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरची जाळी चौकोनाऐवजी उभ्या आकाराची झाली आहे. जुन्या चौकोनी फोटोंत कडेला लिहिलेली अक्षरे कापली गेली आहेत का, तेवढे पाहून घ्यावे.

शहापूरकर (धागाकर्ता)

आपण सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिल्याबद्दल आभार. काका, तुमचा मांडवाखालच्या फोटोचा मुद्दा मला फार पटला. वडिलांशी बोललो, तर ते म्हणाले की दर लिहिले की शेजारचा पाचशे रुपयांनी उतरेल. शिवाय रील्सना चित्रपटातली गाणी लावावीत की नाही, यावरही आमच्या घरी मतभेद आहे.

निपाणीकडचा

शेजाऱ्याला तुमचे दर आजही ठाऊक आहेत. त्याच्या चुलत भावाने लग्नघर बनून तुम्हाला कधीच फोन केलेला असेल. नेमका आकडा नको असेल तर ‘अमुक रुपयांपासून पुढे’ असे लिहा, पण त्या पैशांत काय येते ते मात्र पूर्ण लिहा. किती माणसे, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही की एकच, किती वेळ, अल्बमची किती पाने, मिक्सिंग केलेला व्हिडिओ किती दिवसांत मिळणार, प्रवासखर्च वेगळा की धरून, आणि लग्नाची तारीख पुढे गेली तर ॲडव्हान्सचे काय होणार. आपल्या धंद्यातली बहुतेक भांडणे दरावरून होत नाहीत. ‘आम्हाला वाटले हे त्यातच आहे’ यावरून होतात.

गाण्यांचे सांगायचे तर व्यवसाय-खात्याला इन्स्टाग्राम चित्रपटगीते सहसा देतच नाही, हक्कमुक्त संगीताचा वेगळा साठा देतो. त्यावर मात करण्यासाठी खात्याचा प्रकार बदलणारे आहेत. तरी धंद्याच्या जाहिरातीसाठी गाणे वापरायला हक्कधारकाची परवानगी लागतेच. मी सनई-चौघड्याचे स्वतः ध्वनिमुद्रित केलेले तुकडे वापरतो, अर्थात वाजवणाऱ्यांना विचारून.

कागदपत्रे_जपून_ठेवा

मी कायद्याच्या क्षेत्रात आहे आणि या धाग्यात परवानगीचा प्रश्न मागे पडलेला पाहून लिहितो आहे. पुष्कळ फोटोग्राफरांची समजूत अशी असते की बटण मी दाबले, म्हणजे फोटो माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्याचा ‘कर्ता’ असतो हे खरे. परंतु कलम १७ असे सांगते की मोबदला देऊन एखाद्याने सांगितल्यावरून फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा असतो. याचा अर्थ असा की पैसे घेऊन काढलेल्या लग्नाच्या फोटोंवर, लेखी काही ठरले नसेल तर, मालकी लग्नघराची असते आणि तुमचे संपूर्ण इन्स्टाग्राम खाते त्यांच्या सौजन्यावर चाललेले असते. कलम ५७ मुळे कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क राहतो, पण प्रसिद्ध करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

उपाय अवघड नाही. ऑर्डर घेतानाच्या पावतीच्या मागे किंवा वेगळ्या पानावर, ग्राहकाला समजेल त्या भाषेत, कॉपीराइट कोणाकडे राहील आणि फोटो कोठे कोठे वापरता येतील ते लिहून सही घ्यावी. संकेतस्थळ, इन्स्टाग्राम, दुकानातली काच आणि इतरांच्या जाहिराती यांसाठी वेगवेगळे चौकोन ठेवावेत, कारण काचेतल्या फोटोला आनंदाने हो म्हणणारी माणसे इंटरनेटला नाही म्हणू शकतात. सही वधू आणि वर या दोघांचीही घ्यावी. ॲडव्हान्स देणाऱ्या वडिलांची सही मुलीच्या मताची जागा घेऊ शकत नाही. नकार दिला म्हणून दर वाढवू नये आणि नंतर कोणी फोटो काढून टाकायला सांगितला तर वाद घालू नये. बारशाच्या आणि जावळाच्या फोटोंबाबत अधिक सावध राहावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे.

कायद्याच्या पलीकडचेही थोडे लिहितो. हळदीत भिजलेल्या मुलींचे फोटो सही असली तरी टाकू नयेत. लग्नपत्रिकेचा सजवलेला फोटो टाकताना त्यावरील घरचा पत्ता आणि फोन क्रमांक धूसर करावेत. घरी काढलेल्या फोटोंच्या फाइलमध्ये कधीकधी त्या जागेचे अक्षांश-रेखांश साठलेले असतात. निर्यात करताना ती माहिती गाळण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि घरच्यांनी पाहण्याआधी फोटो जगाने पाहू नये.

जाता जाता, कोल्हापूर आणि गडहिंग्लजच्या सेवाक्षेत्राचा उल्लेख झाला म्हणून सांगतो: सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांपर्यंत असेल तर राज्याबाहेरच्या ग्राहकाचे काम केले एवढ्या कारणाने जीएसटी नोंदणी सक्तीची होत नाही; ही सूट ऑक्टोबर २०१७ पासून आहे. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना चंदगडचे लग्न हे परराज्य वाटत नाही, पण कागदावर ते असते.

खानापूर_रानवाट

माझ्याकडे संकेतस्थळ नाही आणि खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत माझे सारे काम व्हॉट्सॲपवर चालते, म्हणून त्याविषयी लिहितो. व्यवसायासाठीचे वेगळे व्हॉट्सॲप आहे, ते वेगळ्या क्रमांकावर घ्यावे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये लग्न, साखरपुडा, बारसे असे प्रकार फोटो आणि दरांसह लावून ठेवता येतात. ‘रेट काय?’ एवढाच पहिला संदेश बहुतेकांचा असतो. त्यासाठी आधीच लिहून ठेवलेले उत्तर पाठवता येते, मात्र त्याच्या शेवटी ‘लग्न कोणत्या तारखेला आणि कोणत्या गावी?’ असा प्रश्न असावा, नाहीतर बोलणे तेथेच संपते. लग्नाच्या दिवशी फोन उचलता येत नाही, तेव्हा ‘कामावर आहे, संध्याकाळी फोन करतो’ असा संदेश आपोआप जाईल अशी योजना करावी. निवडीसाठी फोटो पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. साध्या पद्धतीने पाठवले की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करते आणि लोकांना वाटते फोटोच तसे आहेत.

प्री-वेडिंगविषयी माझा एक आक्षेप आहे. खानापूर तालुक्यातील धबधब्यांची आणि रानातल्या जागांची नेमकी खूण फोटोखाली देऊ नये. पुढच्या रविवारी तेथे गर्दी होते आणि बाटल्या उचलायला गावातली पोरे लागतात. भीमगड अभयारण्यात चित्रीकरणाला वन खात्याची परवानगी लागते. परवानगीशिवाय काढलेला व्हिडिओ खात्यावर टाकणे म्हणजे आपणच पुरावा जाहीर करणे. ड्रोनचेही तेच. सांबऱ्याचा विमानतळ, तेथले हवाई दलाचे केंद्र आणि कॅम्प भागातले लष्करी क्षेत्र जवळ असल्याने उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात जागा लाल, पिवळी की हिरवी ते पाहावे.

शहापूरकर (धागाकर्ता)

परवानगीच्या पानाचा मसुदा मराठीत करायला घेतला आहे. कन्नड रूप शेजारच्या शिक्षकांकडून करून घेणार आहे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्या महिन्यात लग्ने नसल्याने डोमेन आणि पानांचे काम तेव्हा करण्याचे ठरले. नकाशावरच्या खुणेचा व्हिडिओ मात्र याच आठवड्यात करतो.

आणखी एक विचारायचे राहिले. वडिलांच्या काळातल्या निगेटिव्हची पाकिटे माळ्यावर आहेत. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गल्लीतले गणपती आणि जुनी लग्ने असे सारे त्यात आहे. ते संकेतस्थळावर घ्यावे का?

जुना_डार्करूमवाला

जरूर घ्यावे, असा ऐवज नव्या कोणाकडे नसतो. कायदेवाल्या मित्राच्या म्हणण्यानुसार पाहिले तर मिरवणुकीचे फोटो वडिलांनी कोणाच्या सांगण्यावरून काढले नसतील तर ते त्यांचेच आहेत. लग्नांचे तसे नाही, तेव्हा सुरुवात मिरवणुकीपासून करा. महागडा स्कॅनर लागत नाही. पांढऱ्या प्रकाशाच्या पटलावर निगेटिव्ह सपाट धरून मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सने रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, टिपा आणि संगणकावर रंग उलटे करा. खोलीतले बाकीचे दिवे बंद ठेवा. फुंकर मारून धूळ उडवू नका, थुंकीचे डाग पडतात. रबरी ब्लोअर वापरा. ज्या पाकिटांना आंबूस वास येतो ती आधी घ्या आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, कारण तो आधार-पट्टीचा ऱ्हास सुरू झाल्याचा वास आहे.

कागदपत्रे_जपून_ठेवा

काकांशी सहमत. एवढेच जोडतो की ते फोटो एखाद्या मंडळाने किंवा वर्तमानपत्राने पैसे देऊन काढून घेतले होते का, हे वडिलांना प्रत्येक पाकिटागणिक विचारून पाकिटावरच लिहून ठेवा. जुन्या लग्नांसाठी ज्यांचा पत्ता लागेल त्या घरी एक छापील प्रत घेऊन जा आणि तेथेच परवानगी विचारा.

निपाणीकडचा

आणि प्रत घेऊन जाल तेव्हा नातवंडांच्या लग्नाच्या तारखाही विचारून या.